तिपाईवाल्याचा धबधबा

धबधब्याखालच्या आठ-दहा घरांत त्याला कुणी फोटोग्राफर म्हणत नसे. खांद्यावर तीन पायांचं स्टँड टाकून तो कातळावरून उतरताना दिसला की पोरंसोरं ओरडत, "तिपाईवाले आले!" नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची धाकटी बहीण तिथंच राहायची, तर तिलाही लोक तिपाईवाल्यांची बहीण म्हणायचे. ती नवऱ्याला म्हणे, मासे वाढवून वाढवून माझी बोटं पांढरी पडली, पण ओळख मात्र दादाच्या स्टँडची.

शहरात त्याचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत बायको काउंटर सांभाळी, मागच्या खोलीत निळा पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे. पासपोर्टचे, ओळखपत्रांचे फोटो हे पोटापाण्याचं काम. ते तो चोख करी, पण जीव त्यात नव्हता. जीव होता पाण्यात. चार दिवस मोकळे मिळाले की पाठीवर पिशवी टाकून जायचा, जिथं गाडीरस्ता संपतो तिथून पुढं. रानातले धबधबे, समुद्रात घुसलेले काळे कडे, लाटांनी पोखरलेल्या कपारी. एकदा पाय मोडून घेतला, एकदा भरतीनं कॅमेरा नेला. बायकोनं त्याच्यापुढं केव्हाच हात टेकले होते. निदान दारू तरी पीत नाहीत, असं ती शेजारणीला सांगे, आणि तेही फार खात्रीनं नाही.

पाण्याचा फोटो तो घाईनं काढत नसे. भिंगापुढं काळी काच बसवायची, स्टँड कातळाच्या फटीत घट्ट रोवायचं, शटर उघडायचं आणि मनात आकडे मोजत उभं राहायचं. शटर उघडं आहे तोवर जेवढं पाणी धावेल तेवढं एकावर एक उमटत जातं. धारेचा पडदा होतो, फेसाचं दूध होतं, आणि लाटांचं धुकं होऊन खडकांच्या पायाशी बसतं. मधून कुणी चालत गेलं तर त्याचा मागमूसही राहत नाही. असे फोटो लोकांना फार आवडतात. दवाखान्यांच्या आणि बँकांच्या भिंतींवर त्याचे धबधबे लागलेले होते, कारण रांगेत बसलेल्या माणसाला ते बघून गार वाटतं. वर्षा-दोन वर्षांनी तो प्रदर्शनही भरवी आणि दारात पाटी लावी, "जसं दिसलं तसं". या पाटीचा त्याला भारी अभिमान होता. फोटो नंतर रंगवणाऱ्यांचा त्याला इतका तिटकारा की त्यांच्याशी तो चहादेखील पीत नसे.

सगळ्या धबधब्यांत बहिणीचा धबधबा त्याचा लाडका. तसा तो बहिणीचा नव्हताच, सापडला यालाच होता. पठारावरून ओढा कड्यावर येतो, थेट खाली डोहात पडतो आणि तिथून दगडगोट्यांतून धावत जाऊन समुद्राला मिळतो. धबधबा आणि खडकाळ किनारा एकाच चौकटीत मावतात, असं भाग्य फोटोवाल्याला क्वचित लाभतं. त्या सुमाराला मेहुणे मत्स्यबीज वाढवायला वाहतं, स्वच्छ पाणी शोधत होते. यानं जागा दाखवली. त्यांनी डोहापासून पाट काढला, सिमेंटचे हौद बांधले आणि राहायलाच आले. पाणी एका हौदातून दुसऱ्यात खळखळत जाई आणि शेवटी पुन्हा ओढ्याला मिळे. बोटाएवढी झालेली पिल्लं, ज्यांना तिथं बोटुकली म्हणतात, ती तळ्यांवाले घेऊन जात. नवरा-बायको बऱ्यापैकी सुखात होते. पाणी वाहत होतं तोवर त्यांना कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही.

मग वर पठारावर बाटल्यांत पाणी भरणारी कंपनी आली. तिनं ओढ्याच्या उगमाशी जाडजूड नळ टाकला. पहिली काही वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. पुढं कोरड्या दिवसांत पाट अर्धा भरू लागला. मग ओल्या दिवसांतही तो काठाला लागेना. एके सकाळी बहीण हौदावर गेली तर शेवटच्या दोन हौदांत बोटुकली पोट वर करून तरंगत होती. पाणी थांबलं की हवा संपते, आणि हवा संपली की मासा कुणाची वाट बघत नाही. तिनं ती सगळी जाळीनं काढली आणि वाळूत पुरली. जेवली नाही त्या दिवशी.

आणि आता कंपनीला दुप्पट पाणी हवं होतं, तेही पुढच्या तीस वर्षांसाठी. तीन माणसांची समिती नेमली गेली. प्रश्न सरळ होता. कंपनी आल्यापासून धबधब्याचं पाणी घटलंय का? घटलं असेल तर परवानगी नाही, नसेल तर कंपनी मोकळी. अडचण एवढीच की ते पाणी कधी कुणी मोजलंच नव्हतं. ज्याच्या दारातून वाहतं तो कशाला मोजील?

हौदांच्या शेडमध्ये सगळे जमले. एक म्हातारा नावाडी होता, बोलायला खडबडीत पण डोकं जागेवर. तो म्हणाला, समितीला इथंच बोलवा. कड्यावर पाणी कुठवर लागायचं त्याची शेवाळाची काळी रेघ अजून आहे, ती दाखवू. आम्ही चार म्हातारे सांगू, पूर्वी कुठल्या धोंड्यावर उभं राहून भिजायला व्हायचं. पण जागेवर पाहणी हवी तर तसा अर्ज मुदतीत करायला हवा. अर्ज कोण करणार, कुणाची सही, यावर बोलणं चाललं होतं. तेवढ्यात तिपाईवाला उठला. पाहुणा म्हणून आलेला, पण त्याला राहवेना.

"शेवाळ काय बोलणार समितीपुढं?" तो म्हणाला. "माझ्याकडे या धबधब्याचे वीस वर्षांचे फोटो आहेत. दरवर्षी, याच खडकावरून. ओळीनं मांडले की झालं. हा सूर्य आणि हा जयद्रथ."

शेडमध्ये एकदम हलकं वाटलं. मेहुण्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मेहुणे तसे कुणाच्या पाठीवर हात ठेवणारे नव्हते. बहिणीचे डोळे भरून आले. आयुष्यभर ज्या वेडापायी घरचे त्याला हसले ते आज घराच्या कामी येत होतं, आणि त्याचं सुख त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. अर्जाचं मग कुणी मनावर घेतलं नाही. नावाडी थोडा वेळ कुरकुरला आणि घरी गेला. मुदत टळून गेली.

शहरात परतल्यावर दुपारी जेवणाच्या वेळी त्यानं स्टुडिओचं शटर खाली ओढलं, मागच्या खोलीतलं स्टूल कोपऱ्यात सारलं आणि फोटो जमिनीवर मांडायला घेतले. पहिल्या वर्षीचा भिंतीशी, मग एकेक पुढं, दारापर्यंत. मांडून झाल्यावर तो दारात उभा राहिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला.

धबधबा कमी होत नव्हता. पहिल्या फोटोत कड्यावर दोन जाड धारा होत्या आणि मधे ओला काळा कातळ दिसत होता. चौथ्या-पाचव्यात धारा पसरल्या. दहाव्यात एक सलग पडदा झाला. शेवटच्या काही फोटोंत, ज्या वर्षांत त्याची बहीण मेलेली बोटुकली वाळूत पुरत होती त्या वर्षांत, धबधबा कड्याच्या या कानापासून त्या कानापर्यंत भरून दुधासारखा कोसळत होता. कुठल्याही शहाण्या माणसानं ते फोटो बघून म्हटलं असतं, पाणी वाढलंय.

आधी त्याला वाटलं क्रम चुकला. मग त्यानं एकेका फोटोचं शटर किती वेळ उघडं होतं ते काढून बघितलं. पहिल्या वर्षी डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ. नंतर एक श्वास. नंतर चांगलं शंभरपर्यंत मोजून होईल इतका. काळ्या काचाही एकीवर एक वाढत गेलेल्या. धार बारीक झाली की त्याला फोटो फिका वाटे. मग तो शटर आणखी थोडं उघडं ठेवी, खडकावरून दोन पावलं पुढं सरके, पाऊस होऊन गेल्यावरचा दिवस गाठे. हे सगळं हातानं केलं होतं, डोक्याला न विचारता. दरवर्षी फोटो गेल्या वर्षीपेक्षा सरस येई आणि तो स्वतःवर खूश होई, की हात बसत चाललाय. हात बसत नव्हता. पाणी आटत होतं आणि हात ते झाकत होता.

त्यानं त्या फोटोंत आणखी काही सापडतं का बघितलं. मेहुणे रोज बादल्या घेऊन त्या ओढ्यातून ये-जा करायचे, तो शटर उघडून उभा असतानाही करायचे, आणि मजेनं विचारायचेही, "दादा, मी आलो का हो फोटोत?" एकाही फोटोत ते नव्हते. निदान घाईनं काढलेला एखादा, नेम बघायला म्हणून काढलेला? तसले तो तिथल्या तिथं पुसून टाकत असे. वाईट फोटो जवळ ठेवायचा नाही हा त्याचा बाणा होता.

बायको जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती खाली बसून बराच वेळ बघत राहिली.

"परवा त्या बाई हनुवटीवरची चामखीळ काढून द्या म्हणाल्या," ती म्हणाली, "तर तुम्ही त्यांना सुनावलंत. सरकारी कागद आहे, जसं आहे तसंच मिळेल. मग धबधब्याची चामखीळ तेवढी कशी काढलीत हो?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. त्यालाही कळत नव्हतं. जेवण तसंच झाकून राहिलं.

बहिणीला हे फोनवर सांगायचा धीर त्याला झाला नाही. दोन दिवसांनी तो स्वतःच गेला. या वेळी स्टँड नेलं नाही, नुसता कॅमेरा. खाली उतरून त्यानं आधी धबधब्याकडं बघितलं, कॅमेरा डोळ्याला न लावता. कड्याच्या मधोमध दोन बारीक दोऱ्या लोंबत होत्या. वारा आला की त्यांतली एक खाली पोचण्याआधीच विरून जाई. वीस वर्षं इथं येऊन त्यानं हे पाणी पहिल्यांदा बघितलं असं म्हणायला हरकत नाही. शटर जेवढं झटकन पडेल तेवढं ठेवून त्यानं फोटो काढला. फोटोत दोन दोऱ्या आल्या आणि थोडे थेंब. त्याच्या हातून इतका दरिद्री फोटो कधी निघाला नव्हता आणि इतका खराही.

बहीण हौदाच्या कठड्यावर बसून जाळी शिवत होती. त्यानं एका दमात सांगून टाकलं. सांगताना तिच्याकडं बघवेना म्हणून हौदाकडं बघत सांगितलं. जाळीची गाठ मारून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे आपल्याकडे काहीच नाही?"

"आजचा एक आहे. पण तुलना करायला असाच झटकन काढलेला जुना नको का? पहिल्या वर्षीच्या फोटोतही शटर पापणीभर उघडं होतं. तसा एकही नाही."

तिनं जाळी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "पहिल्यांदा पाटाचं पाणी हौदात सोडलं त्या दिवशी तू आला होतास. आम्ही दोघांनी नवे कपडे घातले होते. मी तुला म्हटलं, दादा, आमचा एक फोटो काढ, मागे धबधबा येऊ दे."

त्याला आठवत होतं. त्यानं तेव्हा म्हटलं होतं, माणसं मधे आली की जागेचा विचका होतो. असले फोटो काढायचे तर स्टुडिओत या, निळ्या पडद्यापुढं छान काढून देतो. ती हिरमुसली होती आणि मग हसून विसरून गेली होती. निदान त्याला तसं वाटलं होतं.

"माणसांचा फोटो तू झटकन काढतोस ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग तो खरा आला असता."

ती एवढंच बोलली आणि दुसरी गाठ मारायला लागली. ती चिडली असती तर त्यानं चार शब्द ऐकून घेतले असते आणि थोडं हलकं झालं असतं. तिनं ती सोय ठेवली नाही.

मेहुणे संध्याकाळी आले. त्यांचं म्हणणं, मग फोटो दाखवायचेच नाहीत, झाकली मूठ राहू द्या. पण मूठ झाकलेली होतीच कुठं? कंपनीनं दोन वर्षांपूर्वी स्वतःचं कॅलेंडर काढलं होतं, त्यात बाराही महिने त्याचेच धबधबे होते, आणि शेवटचं पान बहिणीच्या धबधब्याचं. फोटो देताना त्याला वाईट वाटलं नव्हतं. उलट वाटलं होतं, की बघू देत त्यांना, कसल्या सोन्यासारख्या पाण्यावर ते नळ टाकून बसलेत ते. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, भिंतीला पोपडे, खुर्च्या लोखंडी, आणि एक पंखा जो फिरण्यापेक्षा आवाजच जास्त करी. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, शांत, ऐकून घेणाऱ्या. त्यांच्याविरुद्ध बोलायला कुणालाही जागा सापडली नसती, आणि हेच त्या दिवशी सगळ्यात वाईट होतं. नावाडी बोलला. शेवाळाच्या रेघेचं त्यानं हात करून सांगितलं, पण खोलीत कडा नव्हता. बाईंनी विचारलं, जागेवर पाहणीसाठी अर्ज का केला नाहीत? नावाड्यानं तिपाईवाल्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, राहून गेलं. त्यानं खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मग कंपनीच्या वकिलानं फोटो मांडले. दहा-बारा होते, एक कॅलेंडरातला आणि बाकी प्रदर्शनांच्या पत्रकांतले. तिपाईवाल्यानं जमिनीवर मांडले होते तसेच, वर्षांच्या क्रमानं. हे तुमचेच का, असं वकिलानं अदबीनं विचारलं. तिपाईवाला हो म्हणाला. यात नंतर काही घातलं-काढलं आहे का? नाही. प्रदर्शनात आपण पाटी लावता, "जसं दिसलं तसं", बरोबर? बरोबर.

"पण हे फोटो खोटं बोलतात," तिपाईवाला म्हणाला. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. "इतकं पाणी नव्हतं. मी शटर जास्त जास्त वेळ उघडं ठेवत गेलो, कारण पाणी कमी कमी होत गेलं."

"पाणी कमी होतंय हे तुम्हाला त्या वेळी माहीत होतं?"

"नाही."

"मग ते कारण कसं झालं?"

याचं उत्तर त्याच्याकडं होतं, पण ते हाताकडं होतं आणि हाताला बोलता येत नाही. तो काचांबद्दल, मनात आकडे मोजण्याबद्दल, फिक्या वाटणाऱ्या धारेबद्दल सांगत गेला आणि सांगता सांगता त्यालाच ते सबबींसारखं ऐकू येऊ लागलं. अध्यक्ष बाईंनी त्याला सांभाळून घेत विचारलं, "बरं, इतकं नव्हतं म्हणता. मग किती होतं? दहा वर्षांपूर्वी, समजा?"

तो आठवायला लागला. डोळे मिटले की पडदा दिसे, दूध दिसे, चौकट दिसे. पाणी दिसेना. त्यानं ते बघितलंच नव्हतं.

"सांगता येणार नाही," तो म्हणाला.

शेवटी त्यानं परवाचा फोटो पुढं केला, दोन दोऱ्यांचा. बाईंनी तो चष्मा वर करून नीट बघितला आणि वकिलाकडं दिला. वकिलानं आवाज जराही चढवला नाही. तो म्हणाला, यंत्रानं पाणी वाढवता येतं असं साक्षीदार स्वतःच सांगतात. वाढवता येत असेल तर कमीही करता येत असणार. मग यांचा कुठला फोटो खरा धरायचा हे त्यांनीच सांगावं. आणि हा तर, माफ करा, साक्षीदारांच्या सख्ख्या बहिणीचा धंदा पणाला लागल्यावर काढलेला आहे.

तिपाईवाला खाली बसला. बहीण त्याच्या शेजारीच होती. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याला दिली. बाटली कंपनीचीच होती, खाली टपरीवर दुसरी मिळत नव्हती. तो प्यायला.

समिती शेजारच्या खोलीत जाऊन आली. पाणी घटल्याचा पुरावा समोर आलेला नाही, असं अध्यक्ष बाईंनी वाचून दाखवलं. वाचताना त्यांनी दोनदा वर बघितलं, बहिणीकडंच. त्यांना वाईट वाटत असावं. पण पुराव्याशिवाय त्या तरी काय करणार होत्या, आणि पुरावा ज्यानं आणायचा त्यानं आणला होता तो हा. इमारतीच्या पायऱ्या उतरताना त्यानं बहिणीला म्हटलं, "मी बुडवलं तुम्हाला." तिनं त्याचा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. म्हणाली, "चल, ह्यांना भूक लागली असेल."

दुसरा नळ पडला. त्यानंतर कोरडे दिवस आले आणि पाट सुकला. मेहुण्यांनी आधी खालचे हौद बंद केले, मग मधले. उरलेली बोटुकली एका तळ्यावाल्याला देऊन टाकली आणि शेवटची घमेलंभर समुद्राच्या तोंडाशी ओढ्यात सोडली. खाऱ्या पाण्यात ती जगणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं, पण डोळ्यांदेखत हौदात मरू देण्यापेक्षा ते बरं वाटलं. वर्ष संपायच्या आत घराला कुलूप लावून ती दोघं शहरात आली. एका गॅरेजच्या वर त्यांना खोली मिळाली. खालून दिवसभर पत्रे ठोकल्याचा आवाज येई. मेहुणे मासळीच्या दुकानात लागले, कापायला आणि साफ करायला. आयुष्यभर मासे वाढवलेला माणूस आता त्यांची खवलं काढत होता. याबद्दल ते बोलत नसत. बहीण एका वसतिगृहात भांडी घासायला जाई.

तिपाईवाला रविवारी त्यांच्याकडं जायचा. पाण्याचे फोटो त्यानं सोडले होते. स्टँड माळ्यावर गेलं, काळ्या काचा डब्यात. एका रविवारी निघताना मेहुणे त्याला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि तिथं घुटमळले. त्यांना काही मागायचं होतं आणि मागायची त्यांना सवय नव्हती.

"दादा, तो मोठा फोटो आहे ना तुमच्याकडे, अगदी भरलेला. तो द्याल का? भिंत फार मोकळी वाटते हो."

त्याला वाटलं ते टोचून बोलताहेत. मग त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तसं काही नव्हतं. पाहिजे तर दुसरा देतो, तो म्हणाला, पहिल्या वर्षीचा आहे, त्यातला धबधबा बराचसा खरा आहे. मेहुण्यांनी मान हलवली. "नको. तोच द्या. त्यात पाणी छान आहे."

पुढच्या रविवारी तो चौकट घेऊन गेला. खोलीत जागा तेवढी एकच होती, खिडकीसमोरची. मेहुणे खिळा आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढले. यानं चौकट भिंतीशी धरली. बहीण भिजलेले हात पुसत मागे येऊन उभी राहिली. या कानापासून त्या कानापर्यंत भरलेला कडा, खाली दुधाचा डोह, पलीकडं धुक्यात बुडालेले खडक. खालच्या पाटात उभं राहून तिनं वीस वर्षं रोज त्या पाण्यात हात घातला होता. किती होतं हे या जगात कुणाला ठाऊक असेल तर तिला होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा निवला.

"असंच होतं ना रे दादा?" ती म्हणाली.

त्यानं मेहुण्यांकडं बघितलं. तेही फोटोकडंच बघत होते आणि हळूहळू मान डोलावत होते. त्या खोलीत खरं सांगू शकेल असा आता एकच माणूस उरला होता, आणि त्यानं एकदा खरं सांगून बघितलं होतं.

"हो," तो म्हणाला. "असंच होतं."

मेहुण्यांनी खिळा ठोकला, चौकट अडकवली आणि विचारलं, सरळ आहे का बघा. तो बघायला मागं सरला तर दोन पावलांत पाठ समोरच्या भिंतीला लागली. खोली तेवढीच होती.